गवत, गल्ली आणि खेळतं भांडवल

लॉन कापून देण्याचा धंदा करायचा म्हटलं की माणूस आधी यंत्राचा भाव काढतो. दोन-चार दुकानं पालथी घालतो, मोबाइलवर व्हिडिओ बघतो, कुठल्या इंजिनाला किती ताकद याची तुलना करतो आणि हाती आलेल्या आकड्यालाच अंदाजपत्रक म्हणतो. सहा महिन्यांत धंदा अडतो, पण यंत्रापायी क्वचितच. तो अडतो रस्त्यात आणि उधारीत. हे दोन खर्च कुठल्याच दुकानाच्या कोटेशनमध्ये नसतात, म्हणून या प्रकरणात यंत्राला थोडी आणि या दोघांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरण पुण्याचं घेऊ. औंध, बाणेर, पाषाण, बावधन या पट्ट्यात बंगले आणि रो-हाउस आहेत, सोसायट्यांच्या बागा आहेत आणि शहराबाहेर पडलं की ‘मंगल कार्यालय व लॉन्स’च्या पाट्या सुरू होतात. नाशिक किंवा कोल्हापूरला हाच हिशेब मांडायचा तर भाव तेवढे तिथले घालायचे. पुढे दिलेले रुपयांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. बाजारभाव म्हणून ते कुणाला ऐकवू नका.

आता एक गुंठा लॉन कापायला किती वेळ लागतो ते पाहू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. १८ इंची मोवर घेतला आणि प्रत्येक फेरीत तीन इंच आधीच्या पट्ट्यावर चढवले, तर एका फेरीला सव्वा फूट रुंदी निघते. ३३ फुटांना २७ फेऱ्या, म्हणजे ८९१ फूट चालणं. सेकंदाला अडीच फूट अशा रमतगमत चालीनेही गुंठा सहा मिनिटांत संपतो. वळणं आणि गवताची पिशवी रिकामी करणं धरलं तर दहा-बारा मिनिटं.

तरीही त्या घरी तुमचा पाऊण-एक तास मोडतो. फाटकाची कडी आतून लावलेली असते. लॉनवर पडलेली बॅट, कुंड्या, पाण्याचा पाइप बाजूला करायचा. कडा ब्रश कटरने सरळ करायच्या. जास्वंदीच्या बुंध्याभोवतीचं गवत खुरप्यानेच काढायचं, कारण तिथे कटरचा दोरा लागला की साल निघते आणि झाड वाळतं. फरशीवर उडालेलं गवत झाडायचं, पोत्यात भरायचं. मग आजी मोगरा दाखवतात, त्याला कळी का धरत नाही ते सांगायचं. हा वेळ वाया गेला असं समजू नका. गवत कुणीही कापून देतं. पुढच्या वर्षीचं कंत्राट मोगऱ्यावर टिकतं.

म्हणजे दुप्पट रुंदीचं, दुप्पट किमतीचं यंत्र घेतलं तर तासाभरातली तीन मिनिटं वाचणार. बंगल्यांच्या कामाला मोठं यंत्र हा शौक आहे. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली मोवरचं पेटंट घेतलं, तेव्हा कापडगिरणीत लोकरी कापडाची लव साफ कापणारं यंत्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. फिरत्या नळकांड्यावरच्या पात्यांची ती रचना आजही क्रिकेटच्या मैदानांवर चालते. घरगुती लॉनला मात्र आडवं पातं फिरवणारा साधा रोटरी मोवर पुरतो.

सुरुवातीला विजेवरचा मोवर घ्यावा असं माझं मत आहे, आणि त्यामागचं कारण विजेपेक्षा वाहनाचं आहे. तो हलका असतो, दांडा दुमडला की स्कूटरच्या पायाशी मावतो. पेट्रोलचा मोवर २५-३० किलोचा. तो दुचाकीवर नेण्याचे प्रयोग पाठीला आणि यंत्राला दोघांनाही महाग पडतात आणि त्याच्यासाठी टेम्पो घेतला तर धंद्याआधी हप्ता सुरू होतो. विजेच्या मोवरला वीज ग्राहकाची. १,४०० वॉटचं यंत्र अर्धा तास चाललं तर पाऊण युनिटसुद्धा जळत नाही, पण हे कंत्राट ठरवतानाच बोलून घ्यावं, नाही तर मीटरवरून कुरबूर होते. एक्स्टेन्शन बोर्डाला गळती रोखणारा ब्रेकर हवाच. ओल्या गवतात वायर ओढत फिरणं जिवावरचं आहे. शिवाय पुण्यात गुरुवारी महावितरण देखभालीसाठी भागाभागांतली वीज बंद ठेवतं. गुरुवार कडा, तण आणि खतासाठी राखावा.

ब्रश कटरवर चालढकल करू नये. एकट्या कटरवर अख्खं लॉन कापणारे पुष्कळ आहेत, पण त्या कापणीत लाटा दिसतात आणि चांगला ग्राहक त्या बघतो. कटर टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये कंपनी सांगेल त्याच प्रमाणात ऑइल मिसळायचं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. हे माप अंदाजाने घालणाऱ्याचा पिस्टन जाम होतो आणि पहिल्याच वर्षी कटरच्या निम्म्या किमतीचं दुरुस्तीचं बिल येतं.

यादी अशी धरू. विजेवरचा मोवर १२,०००, ब्रश कटर १६,०००, बॅटरीचा फवारणी पंप ३,०००. हेजची कात्री, खुरपी, दाताळं, घमेली, पोती यांना ६,०००. गॉगल, बूट, पायाचे गार्ड, कानांवरचे मफ ३,०००. जादा पाती, नायलॉनचा दोरा, प्लग ४,०००. कार्डं आणि बिलबुकं २,०००. एकूण ४६,०००. गॉगल आणि बूट या यादीतून कुणी काढू नयेत. गवतात दडलेला खडा कटर गोळीसारखा फेकतो. तो डोळ्यात जातो किंवा शेजारी उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेवर. सोसायटीत काम करताना मदतनिसाने हिरव्या जाळीची चौकट मोटारीच्या बाजूला धरायची पद्धत आहे. त्या चौकटीला दोन-तीनशे रुपये पडतात, काचेला किती पडतात ते सांगायला नको.

आता महिन्याचा खर्च. मदतनीस रोज ६०० प्रमाणे २५ दिवस, १५,०००. पेट्रोल ५,०००. दुरुस्ती आणि दोरा-पाती २,०००. कापलेलं गवत उचलून नेण्याचे १,५००. फोन, चहा, किरकोळ १,५००. घसाऱ्याचे १,०००, कारण मोवर, कटर आणि पंप मिळून ३१,००० चा माल आहे आणि अडीच वर्षांनी तो बदलावा लागेल असं धरलं आहे. राहिला तुमचा स्वतःचा पगार, २२,०००. बेरीज ४८,०००.

तो शेवटचा आकडा लिहायला लोक लाजतात. ‘मी तर घरचाच’ म्हणतात. तुम्ही घरचे असलात तरी किराणा दुकानदार घरचा नसतो. पगार न लिहिता काढलेला नफा म्हणजे आपणच आपल्याला दिलेली सूट, आणि मग बंगलेवाल्याने भाव पाडून मागितला की हो म्हणायला जीभ सैल सुटते.

ग्राहकाकडून किती घ्यायचे? गुंठाभर लॉनच्या बंगल्याला महिना १,६००, बारा महिने सारखे, असं धरू. पावसाळ्याचे चार महिने तीन फेऱ्या, बाकी आठ महिने दोन. वर्षाच्या २८ फेऱ्या, १९,२०० रुपये, फेरीला साधारण ६८५. ‘महिन्यातून दोनदा येता आणि सोळाशे?’ असं डिसेंबरात कुणी म्हणालं तर जुलैची आठवण करून द्यायची. दरमहा सारखा दर यासाठीच हवा. फेरीप्रमाणे पैसे ठरवले की ग्राहक हिवाळ्यात फेऱ्या कापतो आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढल्यावर हाक मारतो.

या धंद्याची खरी परीक्षा पावसाळ्यात असते. लॉनचा एक नियम जगभर पाळतात: एका वेळी गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. जास्त कापलं की बुडाचा पिवळा भाग उघडा पडतो आणि हिरवळ आजारी दिसते. लॉन दोन इंचांवर ठेवायचं तर ते तीन इंचांवर असताना गाठावं लागतं. जानेवारीत एवढी वाढ व्हायला तीन आठवडेही लागतात. जुलैत आठ-दहा दिवसांत होते. म्हणून पावसाळ्याच्या फेऱ्या लांबवता येत नाहीत. आणि त्याच महिन्यांत पाऊस तुमचे दिवस खातो. २५ पैकी १८ दिवस काम झालं तरी नशीब म्हणायचं.

घराला ५० मिनिटं आणि दोन घरांच्या मध्ये २५ मिनिटं रस्ता धरला, तर दिवसाला सहा घरं होतात. १८ दिवसांत १०८ फेऱ्या. घरटी तीन फेऱ्या, म्हणजे ३६ ग्राहक. याच्या पुढचा ग्राहक घेतलात तर जुलैत कुणाचं तरी गवत वाढणार. ३६ ग्राहकांचे महिना ५७,६०० येतात, ४८,००० वजा जाता हाती ९,६०० उरतात.

आता तेच ग्राहक दोन-तीन गल्ल्यांत आहेत असं समजा. मधला रस्ता पाच मिनिटांवर आला की दिवसाला आठ घरं होतात. १४४ फेऱ्या, ४८ ग्राहक, ७६,८०० रुपये, शिल्लक २८,८००. यंत्र तेच, माणसं तीच, दर तोच, शिल्लक तिप्पट. एका फेरीचा खर्च पहिल्या हिशेबात ५७१ रुपये पडतो, दुसऱ्यात ४२९. महिना १,२०० ला हो म्हणालात तर फेरीला ५१४ मिळतात. विखुरलेल्या ग्राहकांवर हा दर सरळ तोट्याचा आहे, एका गल्लीत मात्र त्यातही थोडं सुटतं. म्हणून भाव कमी करायचाच असेल तर तो शेजारच्या घरासाठी करावा, लांबच्या घरासाठी कधीच नाही. बावधनचा माणूस विमाननगरला एका ओळखीच्याचं लॉन ‘करून देतो’, तेव्हा तो त्या दिवशी स्वतःच्या गल्लीतली दोन घरं फुकट सोडतो.

जवळच्या ग्राहकांचा आणखी एक फायदा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पेट्रोलचा मोवर घ्यावाच लागतो, कारण ओल्यात वायरचा भरवसा नाही. त्याचे ३०,००० रुपये मे महिन्यात काढायचे. तोवर गल्लीतल्या एखाद्या ग्राहकाशी एवढी ओळख झालेली असते की त्याच्या पोर्चमध्ये यंत्र ठेवता येतं आणि तिथून चाकांवर ढकलत घरोघर नेता येतं. टेम्पोचा प्रश्नच मिटतो.

दुसरा खड्डा उधारीचा. पहिल्या महिन्यात सहा ग्राहक आणि पुढे दर महिन्याला पाच नवे, अशी चांगलीच गती धरू. पहिले तीन महिने मदतनीस न ठेवता खर्च ३३,००० वर ठेवला आणि चौथ्यापासून ४८,००० झाला, तर सहाव्या महिन्यात ३१ ग्राहकांवर जमाखर्च जुळतो. तोवर खिशातून गेलेले असतात ६७,०००, यंत्रांच्या किमतीपेक्षा जास्त. आणि यात सगळे जण त्या-त्या महिन्यात पैसे देतात असं गृहीत आहे. सगळ्यांचे पैसे एक महिना मागे पडले, तर हाच खड्डा १,१५,००० वर जातो. फरक ४८,०००. म्हणजे महिनाअखेर ऐवजी १ तारखेला पैसे घेण्याची सवय ग्राहकाला लावता आली, तर तिची किंमत तुमच्या सगळ्या अवजारांहून जास्त आहे. ‘काका, तारखेला पाठवून द्या’ हे पहिल्या महिन्यात म्हणता येतं. चौथ्या महिन्यात म्हटलं तर ते तगादा वाटतं.

४६,००० ची अवजारं, १,१५,००० चं खेळतं भांडवल आणि मे महिन्यातला मोवर ३०,०००. बेरीज १,९१,०००. ‘पन्नास हजारांत धंदा’ म्हणून जो सांगितला जातो, त्याचं पूर्ण अंदाजपत्रक असं पावणेदोन लाखांच्या पुढे जातं. एवढे पैसे जवळ नसतील तर ग्राहक हळू वाढवा आणि तोवर हातातली नोकरी सोडू नका, एवढाच त्याचा अर्थ.

सोसायट्यांची कामं दिसायला मोठी असतात. एका जागी दहा गुंठे, मध्ये रस्ता नाही, म्हणजे आपल्या हिशेबात सोनंच. पण बिल कमिटीच्या सह्यांवाचून हलत नाही. सेक्रेटरी गावाला गेले की तुमचा महिना गेला. वर्षाची रक्कम लाखाच्या वर गेली की एकट्या कंत्राटदाराचा एक टक्का टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण पॅन दिला नसेल तर कापणी थेट वीस टक्क्यांची असते. पहिल्या वर्षी एकच सोसायटी घ्यावी, तीही दोन महिने पैसे थकले तरी मदतनिसाचा पगार देता येईल एवढीच मोठी.

लग्नाच्या लॉन्सचं गणित अगदी उलटं आहे. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा हंगाम, म्हणजे नेमकं बंगल्यांवरचं गवत मंदावतं तेव्हा. रिकाम्या दिवसांना काम मिळतं, पण ते कापणीचं कमी आणि डागडुजीचं जास्त. हजार पावलांखाली माती दगडासारखी घट्ट होते, केटरिंगच्या बाजूला तेलाचे डाग पडतात, मंडपाचे खांब काढल्यावर खड्डे राहतात. माती काट्याने टोचून मोकळी करायची, वर वाळू-खताचा थर पसरायचा, डागाच्या जागी नवे तुकडे बसवायचे. हे तुकडे सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून आणता येतात. यंत्र सुरू करण्याआधी मात्र अख्खं लॉन पायाखालून घालायला हवं. मंडपवाल्यांचे खिळे आणि तारांचे आकडे गवतात दिसत नाहीत. पातं त्यावर आपटलं की पात्याला दाते पडतात आणि उडालेला तुकडा कुणाच्या पायात घुसेल याचा नेम नसतो. या चालण्याचे पैसे दरात धरावेत. आणि आधी जाऊन बघावं, कारण पाटीवर ‘लॉन्स’ असलं तरी खाली हिरवं मॅट असू शकतं.

सुरुवात केव्हा करायची? गुढीपाडव्याचा मुहूर्त या धंद्याला मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण असते, टँकर मागवणारा माणूस लॉनवर नवा खर्च काढत नाही. जूनमध्ये फोन भरपूर येतात, पण ते एकदाच्या कापणीचे. दिवाळीचा सुमार उत्तम. पावसाळ्यात माजलेलं गवत सगळ्यांना खुपत असतं, घराची झाडलोट चाललेली असते आणि पुढे सात महिने हात बसायला मिळतात. दिवाळीला सहा ग्राहक धरले आणि वरच्या गतीने गेलात तर मेमध्ये ३६ होतात, म्हणजे बरोबर पावसाळ्याच्या मर्यादेवर. हिवाळ्यातल्या फेऱ्या लव्हाळ्यावर घालवाव्यात. तो वरून उपटला तर मातीतल्या गाठीतून पुन्हा येतो, खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. बरेचदा ही पीडा न कुजलेल्या शेणखतातून आणि बाहेरच्या मातीतून आलेली असते, म्हणून स्वस्त खताच्या ट्रॉलीचा मोह टाळावा.

कागदपत्रांचा बाऊ करू नये. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. आपल्या ४८ ग्राहकांची वर्षाची रक्कम होते ९,२१,६००. कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेतला शिशु गट ५०,००० पर्यंत विनातारण आहे, अवजारं त्यात बसतात. १२ टक्के व्याज आणि तीन वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण १,६६० येतो, जवळजवळ एका बंगल्याचे पैसे. खेळत्या भांडवलासाठी मात्र कर्ज काढू नका, ते साठवूनच उतरा. उद्यम नोंदणी करून ठेवा. बँकेत आणि सोसायटीत तिचा उपयोग होतो. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर पूर्णपणे मोफत होते, तेव्हा तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.